डावं पायडल

मुलानं मागच्या वर्षी घरात व्यायामाची सायकल आणून ठेवली. "आई, तुझ्या गुडघ्यासाठी," म्हणाला. दिसायला झकास. समोर आकडे दाखवणारी पाटी, मऊ सीट, पावलाला पट्टे. सहा महिन्यांत डावं पायडल खुळखुळायला लागलं आणि एका सकाळी त्याचं धड माझ्या पायाखालून निसटून पडलं, आस तेवढा दांड्यात राहिला. प्लॅस्टिकचा माल, आत नावाला चार छर्रे. मुलगा पाना घेऊन खाली बसला. इंजिनिअर आहे तो. घाम फुटेपर्यंत जोर लावला आणि म्हणाला, "जाम झालंय. दुकानाचा माणूस बोलावतो."

"उलटा फिरव," मी म्हणाले.

"आई, आटे कुठल्या बाजूला सुटतात ते मला कळतं."

"उजव्याचं कळतं तुला. हे डावं आहे. पाना इकडं दे."

अर्ध्या फेऱ्यात सुटलं. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं, आईनं मोबाइलवर कुठंतरी बघितलं असणार. मला हसू आलं आणि रागही आला. आईला काही येतं ते मोबाइलमधूनच आलेलं असतं, असं या पिढीनं धरूनच ठेवलंय. डाव्या पायडलाशी माझी ओळख पन्नास वर्षांची आहे, आणि ती मला फुकट झालेली नाही.

आमचं गाव परभणीजवळ, झरीकडचं. गावाच्या उगवतीला आमची वस्ती. बाच्या पिढीनं धर्म बदलला, घरातले जुने देव ओढ्यात गेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर आली. गावातून जायची वाट मात्र तीच राहिली. मोठ्या रस्त्याला लागायचं तर चावडीपुढून जावं लागे, आणि चावडीपुढं आमच्यातल्या माणसानं सायकलवर बसून जायचं नाही असा रिवाज होता. आधी उतरायचं, सायकल हातात धरून चालायचं, चावडी मागं पडली की परत बसायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. कायद्यात तर याच्या उलट लिहिलेलं होतं. पण ओट्यावरून कोणी नुसतं खाकरलं की भलेभले उतरत.

बा परभणीला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि वस्तीत पहिली सायकल त्याची. उतरणं त्याला मंजूर नव्हतं. भांडण करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. म्हणून तो गावातून जायचाच नाही. वस्तीच्या मागून, ओढ्याच्या कडेनं, काळ्या रानातून एक गाडीवाट होती, ती पुढं रस्त्याला मिळायची. वीस वर्षं तो त्या वाटेनं गेला आणि आला. सायकलच्या हँडलला पितळी घंटी होती. दर रविवारी तो ती राखेनं घासून लखलखीत करायचा. गावात ती कधी वाजलेली मी ऐकली नाही. ओढ्याच्या वाटेला घंटी वाजवणार तरी कोणासाठी?

मी शिकले, मास्तरीण झाले. नेमणूक मिळाली ती गावापासून दोन कोसांवरच्या एका वाडीत. एकच खोली, एकच शिक्षक, म्हणजे मी. एसटी तिकडं जात नव्हती. मी रोज चालत जायची आणि बापाची लेक म्हणून बापाच्याच वाटेनं जायची. चालणाऱ्याला चावडीपुढं काही उतरायचं नसतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घरात ज्या वाटेची सवय, तीच वाट असं वाटायचं.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती आणि त्या भाद्रपदात पावसानं मागची सगळी कसर काढली. काळ्या रानातला चिखल ज्याला ठाऊक नाही त्याला सांगते, तो पाय धरतो. माझा डावा पाय त्यानं धरून ठेवला आणि वरून अंग फिरलं. गुडघ्यात काहीतरी मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. परभणीच्या दवाखान्यात अडीच महिने प्लास्टर. ते कापलं तेव्हा आत पऱ्हाटीच्या काडीगत पाय निघाला आणि तो वाकेना. एक बोटभरसुद्धा वाकेना.

तोपर्यंत वाडीतली शाळा बंद होती. दुसरा माणूस द्यायला कचेरीकडं माणूस नव्हता. मग कागद आला. संक्रांतीच्या आत कामाला लायक असल्याचा डॉक्टरचा दाखला घेऊन हजर व्हावे, अन्यथा नोकरी सोडल्याचे समजण्यात येईल. मी तो कागद तीनदा वाचला. आमच्या वस्तीत पगाराची नोकरी असलेली बाई मी एकटी होते. ही नोकरी मला कोणी ताटात वाढून दिली नव्हती आणि ती चिखलात सोडून द्यायची माझी अजिबात तयारी नव्हती.

डॉक्टर तरुण होते, तुटक बोलायचे. "गुडघा काटकोनाच्या पुढं वाकला तर सही. मोठ्या दवाखान्यात यासाठी जागेवर उभी केलेली सायकल असते. आपल्याकडे नाही. घरी सायकल आहे?"

"हाय," बा म्हणाला.

"स्टँडवर लावा. सीट आधी उंच ठेवा, हळूहळू खाली आणा. सीट नेहमीच्या जागी आली आणि पायडलाचा पूर्ण फेरा झाला की मला दाखवा."

त्या काळच्या सायकलींना मागं दोन पायांचा स्टँड असे. तो लावला की मागचं चाक अधांतरी होई आणि सायकल जागच्या जागी मारता येई. पण वर माणूस बसलं की ती डुलायची. बानं स्टँडच्या पायांखाली फरशीचे तुकडे बसवले, पुढच्या चाकाला दोन्हीकडून मातीची पोती लावली आणि हँडल छपराच्या मेढीला काथ्यानं आवळून बांधलं. बा आणि माय, दोघांनी मला उचलून वर बसवलं. उजवा पाय पायडल मारायचा, डावा नुसता त्याच्याबरोबर ओढला जायचा. पाव फेरा पुढं, पाव फेरा मागं. त्याच्या पलीकडं गुडघा आडमुठ्यासारखा अडून बसायचा.

वस्तीला करमणूक झाली. येणारीजाणारी दारात थांबायची.

"कुठवर पोचलीस गं मास्तरीणबाई? जिंतूर आलं का?"

"पोचल्यावर कागद टाकते," मी म्हणायची.

"बसल्या जागी सायकल मारून कुणाचं पोट भरायलंय?"

याला माय आतून उत्तर द्यायची. "तुज्या घरी भाकर मागायला आली का ती? चाल, लाग वाटंला." आणि मला दटावायची, "लोकाईचं काय आयकायलीस? पाय फिरव."

पण पाय फिरेना आणि त्याला नुसता पायच कारण नव्हता. आठ दिवसांत माझ्या ध्यानात आलं की पायडल वाकडं आहे. सायकलवर चढता-उतरताना सगळा भार डाव्या पायडलावर येतो. वीस वर्षांत बाच्या वजनानं त्याचा आस वाकला होता आणि रबर झिजून लोखंड उघडं पडलं होतं. फिरताना एका ठरावीक जागी ते बाहेर कलायचं, पाऊल घसरायचं आणि गुडघ्यातून थेट मांडीपर्यंत कळ जायची. मायनं जुन्या लुगड्याचा काठ फाडून पाऊल पायडलाला बांधून दिलं. घसरणं थांबलं. कळ थांबली नाही.

"बा, पायडल खराब हाय."

"वीस वर्सं मारतो मी. मला नसतं कळलं?"

"तुझा गुडघा धड हाय. धड गुडघ्याला कळत न्हाई."

त्याला ते लागलं. पण माणूस सरळ होता. खाली जमिनीवर बसला, हातानं पायडल हळूहळू फिरवत बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "कलतंय खरं." मग ताडकळसला आत्याकडे गेला तेव्हा तिथल्या बाजारातून, मोडीच्या ढिगातून एक पायडल निवडून घेऊन आला. चांगलं जाड रबर होतं. अंगठ्यानं दाबून बघितलं म्हणाला, आस सरळ आहे का तेही डोळ्यासमोर धरून बघितलं. तो खूश होता. मीही होते. संक्रांतीला महिना राहिला होता.

जुनं पायडल काढायला बानं पाना लावला. निघेना. शेजारचे काका आले, त्यांनी जोर लावला. निघेना. कोणी म्हणालं गंजलंय, करडीचं तेल सोडा. सोडलं. रात्रभर तेल पिऊन सकाळी ते जास्तच घट्ट बसलेलं. मग गल्लीतले गडी गोळा झाले. प्रत्येकाला वाटत होतं आधीच्याचा जोर कमी पडला. पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, एकानं सायकल धरली, दोघे नळीला लोंबकळले, बाकीचे 'हां, हाललं, हाललं' म्हणून ओरडत होते. हलत होती सायकल. शेवटी पान्याचं तोंड फाकलं आणि दोघेही मातीच्या पोत्यांवर पडले.

मी बाजेवर बसून बघत होते. सहा धट्टेकट्टे गडी आणि एक पायडल. दिवसातला माझा व्यायामाचा वेळ चालला होता आणि ही मंडळी एकमेकांची ताकद मोजत होती. माझं डोकं सणकलं.

"ऱ्हाऊ द्या! तुमच्यानं निघायचं न्हाई ते. परभणीच्या मिस्त्रीकडं न्या."

"बाईमानसाला काय कळतंय लोखंडातलं," फाकलेला पाना हातात घेऊन एकजण म्हणाला.

"मला एवढं कळतंय, की पाना मोडला आन पायडल हाय तिथंच हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही परभणीला निघालो. वस्तीपासून रस्त्यापर्यंत बानं मला कॅरिअरवर बसवून, सायकल ढकलत, ओढ्याच्या वाटेनंच नेलं. चिखल आता वाळून ढेकळं झाली होती. मी जिथं पडले ती जागा आली तेव्हा त्यानं सायकल जरा बाजूनं वळवून नेली. पुढं सायकल एसटीच्या टपावर चढवली.

मिस्त्री म्हातारा होता, स्टेशनच्या रस्त्याला त्याची टपरी. त्यानं पायडलाकडे बघितलं, आट्यांच्या तोंडाशी उमटलेल्या पान्याच्या खुणा बघितल्या, आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"इसकू इत्ता जोर कौन लगाया?"

"सगळ्यांनी," बा म्हणाला.

"निकालने कू, के कसने कू?"

बाला समजेना. मिस्त्रीनं लांब दांड्याचा पाना लावला, आम्ही ज्या बाजूला फिरवत होतो त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला एक हिसका दिला. कर्र झालं आणि पायडल सुटून त्याच्या हातात आलं. आमची अख्खी गल्ली दोन दिवस त्याला काढत नव्हती, आवळत होती. मग त्यानं समजावलं. उजवं पायडल सगळ्या जगासारखं सुटतं, डावं उलटं. पाय पुढं पुढं चालतात, तसं डावं पायडल सरळ आट्यांचं असतं तर चालवता चालवता आपोआप सुटून पडलं असतं. म्हणून त्याचे आटे उलटे पाडलेले असतात.

"आन ये जो तुमी बाजारसे लाया," ताडकळसचं पायडल हातात फिरवत तो म्हणाला, "ये तो उजव्याचा हाय, भाऊ. ये डाव्याला जिंदगीभर बसणार न्हाई."

बाचा चेहरा पडला. रबर बघितलं, आस बघितला, आणि डावं-उजवं असतं हेच त्याला ठाऊक नव्हतं. मला आधी हसू आलं. मग त्याच्याकडे बघितलं आणि ते गिळलं. वीस वर्षं त्या सायकलवर बसलेला माणूस, जी वस्तू रोज पायाखाली होती तिची गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

मिस्त्रीनं दोन नवी डावी पायडलं समोर ठेवली. एक चकचकीत, आरशागत. एक काळं, जड. बाचा हात चकचकीतकडे गेला. मिस्त्री माझ्याकडे वळला. "चलानेवाली तू हाय ना बेटी? तू बघ."

आस चिमटीत धरून पायडलाला बोटानं टिचकी द्यायची, असं त्यानं दाखवलं. चकचकीत दोन गिरक्या घेऊन थांबलं आणि थांबताना किरकिरलं. काळं फिरतच राहिलं, आवाज न करता, आणि मग पाळणा थांबतो तसं मागंपुढं होऊन थांबलं. रबरात नख रोवून बघितलं. चकचकीताचं रबर दगडासारखं कडक, पाऊल घसरणारच. काळ्याच्या रबरात नख थोडं रुतलं आणि खूण भरून आली. मी काळं उचललं. "हे," म्हणाले. त्या दिवसापासून मी दुकानात वस्तूची चमक बघत नाही. टिचकी मारून बघते.

घरी आल्यावर कळ गेली असं सांगेन तर खोटं होईल. कळ होतीच. पण आता ती माझ्या गुडघ्याची होती, पायडलाची नव्हती, आणि माझ्या गुडघ्याशी मी भांडू शकत होते. बानं सीटच्या नळीवर खिळ्यानं रेघा मारल्या, एकेका बोटाच्या अंतरानं. सकाळी शंभर वेळा, दुपारी शंभर, दिवे लागायच्या आधी शंभर. मी पाढे म्हणत पायडल मारायची, म्हणजे ओरडावंसं वाटलं तरी तोंड गुंतलेलं राहायचं. एकोणतिसाच्या पाढ्यात माझं डोकं असं अडकायचं की कळ मागं पडायची. नवव्या दिवशी, सगळ्यात वरच्या रेघेवर, पायडल वर गेलं, अडलं, आणि मग पलीकडं उतरलं. पूर्ण फेरा. मी केवढ्यानं ओरडले! माय चूल सोडून धावत आली, तिला वाटलं मी पडले. मी म्हणाले, "फिरलं!" तर ती तिथंच खाली बसून रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "थांबलीस कामून? मार की."

रेघ गाठली की सीट एक बोट खाली. खाली आली की परत नव्यानं भांडण. दारात थांबणाऱ्यांचं हसणं हळूहळू कमी झालं. एका बाईनं तर विचारलं, तिच्या सासऱ्याचा गुडघा धरलाय, त्याला बसवू का थोडा वेळ. बसवला. माझ्या वेळेत नाही, पण बसवला.

संक्रांतीला पाच दिवस असताना बानं सायकल दवाखान्याच्या व्हरांड्यात स्टँडवर लावली. सीट नेहमीच्या जागी. डॉक्टर दारात उभे राहिले, मी दहा फेरे मारले, अकरावा जरा जोरातच मारला. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "पण रोज दोन कोस चालायचं नाही. सहा महिने तरी नाही."

"चालत न्हाई जायची," मी म्हणाले. "सायकलवर जाते."

बा चपापला. वस्तीतच काय, गावातसुद्धा कोणी बाई सायकल चालवत नव्हती. शिवाय ही पुरुषाची सायकल, मधे दांडा. माझ्या गोल पाचवारी साडीत टांग टाकता येणं शक्य नाही. पाचवारी नेसायला लागले तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता, शिकलेली दिसते म्हणून. मायनं पेटीतून तिचं नऊवारी लुगडं काढून माझ्या अंगावर टाकलं. "घाल काष्टा. आमी याच्यात खळी केली, झाडावर चढलो, तुला सायकलच चढायचीय ना?" तिच्यासमोर मला माझ्या पाचवारीची थोडी लाज वाटली.

पायडल मारायला मी जागच्या जागी शिकलेच होते. राहिला होता तोल. कापणी झालेल्या रानात चार सकाळी शिकले. पडले, पण उजव्या अंगावर पडायचं एवढं ठरवून ठेवलं होतं. अडचण एकच राहिली, चढण्या-उतरण्याची. डावा पाय पायडलावर ठेवून, सगळा भार त्यावर तोलून, उजवी टांग मागून टाकायची. ते धाडस होईना. म्हणून दारातल्या मोठ्या दगडावर उभी राहून मी बसायची, आणि उतरताना परत तोच दगड किंवा बाचा खांदा. वाडीत शाळेपुढं पार होता, तिथं काम भागलं असतं.

हजर व्हायच्या सकाळी दगडावरून बसले. बानं कॅरिअर धरलेलं. त्यानं सायकलचं तोंड ओढ्याकडं वळवलं.

"तिकडून न्हाई, बा. गावातून."

"बाई, मागून जा. चिखल वाळलाय आता. कशाला नसती वाट?"

"मागच्या वाटंनं माजा पाय घेतला. आता त्या वाटंनं जायचं न्हाई."

"तिथं उतरावं लागंल. तुला उतरता येत न्हाई."

"उतरायचंच न्हाई."

त्यानं कॅरिअर सोडलं नाही. मला राग आला होता, त्या क्षणी चावडीचा नव्हे, त्याचा. एवढी लखलखीत घंटी, एवढं सरळ मन, आणि वीस वर्षं ओढ्याकडची वाट. मी बोलून गेले, "तू उतरला न्हाईस कधी, खरं हाय. पण तू गेलाससुद्धा न्हाईस." बोलले आणि लगेच जीभ चावली. त्यानं कॅरिअर सोडलं. मला वाटलं रुसून आत गेला. मी पायडल मारलं.

चावडीच्या ओट्यावर पाच-सहा माणसं उन्हाला बसली होती. मला बघून बोलणं थांबलं. कोणीतरी खाकरलं. मी पायडल मारत राहिले. मग एक आवाज आला, "ए, उतर! कुठं हायेस तू?" मी हँडल आवळून धरलं. तेवढ्यात त्यांच्यातला सगळ्यात वजनदार माणूस बोलला. आमच्या वस्तीत त्याला सगळे मालक म्हणत. वाईट माणूस नव्हता, दुष्काळात त्यानं आमच्या आडातला गाळ काढायला बैल दिले होते. तो म्हणाला, "जाऊ द्या रे. पाय मोडलाय तिचा. उतरता येत न्हाई बिचारीला."

ओट्यावर सगळे सैल झाले. सगळ्यांचं भागलं होतं. त्यांचा रिवाज राहिला होता, मला वाट मिळाली होती, भांडण टळलं होतं. पाच-सहा पायडलं मारली असती तर मी पलीकडं गेले असते, आणि रोज गेले असते. मोडक्या पायाची बिचारी म्हणून.

मी ब्रेक दाबला.

इथं ना दगड होता ना कोणाचा खांदा. डावा पाय पायडलावर घट्ट रोवला, सगळं अंग त्याच्यावर तोललं आणि उजवी टांग मागून काढली. गुडघ्यानं कळ दिली, पण धरलं. पायडल जराही कललं नाही. मी जमिनीवर उभी राहिले, ओट्याच्या बरोबर समोर.

"काका, उतरता येतंय मला," मी म्हणाले. 'मालक' अशी हाक मी मारली नाही. "बगा, उतरले. आता बसून जायलेय."

आणि डावा पाय परत पायडलावर ठेवला. असं, दगडाशिवाय, मी याआधी एकदाही बसले नव्हते. दोनदा उजव्या पायानं जमीन रेटली, अंग उचललं, टांग टाकली. सायकल डुलली, सरळ झाली. मागं कोणी खाकरलं की नाही मला ठाऊक नाही. मी बघितलं नाही. पुढच्या वळणावर मात्र मागं बघितलं, तर चावडीच्या अलीकडच्या कोपऱ्यावर बा उभा होता. हातात काठी, पायात वहाण नाही. तसाच मागं धावत आला होता.

शाळेचं दार उघडायला कुलपाला तेल सोडावं लागलं. पण ते कुलूप सरळ आट्यांचं होतं, उघडलं.

त्या दिवशी संध्याकाळी बानं सायकल पुसून आत घेतली. मी माझ्या बोलण्याची माफी मागितली नाही, ते मला आजही लागतं. रविवार आला. त्यानं नेहमीसारखी राखेनं घंटी घासली. मग डाव्या पायडलाला टिचकी मारली, ते थांबेपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "आज सायकल मला लागायलीय."

मी लंगडत कोपऱ्यापर्यंत गेले. ओट्यावर नेहमीची माणसं होती. बा पाठ ताठ करून, सावकाश, चावडीपुढून गेला. रस्ता मोकळा होता. वाटेत माणूस नव्हतं, जनावर नव्हतं, कोंबडीसुद्धा नव्हती. तरी त्यानं घंटी वाजवली. एकदा नाही, चावडी मागं पडेपर्यंत वाजवत गेला.